तिसऱ्यांदाच पाइप का फाटला?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. रॉकेटचं छोटं इंजिन घरीच केलं. जीआय पाइप, लेथवर काढलेलं नोझल. खुंटाला आवळून पेटवलं, दोनदा झकास चाललं. तिसरं भरून बाइकवरून वडणग्याला नेलं, तर पेटवताच पाइप उभा फाटला. इंधनाचा मसाला तोच, नोझल तेच. चुकलं कुठं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी चौघांची बोटं मोजा. चाळीस भरली? मग पुढं वाचा.

मला संशय त्या बाइकचा. खड्ड्यांतून नेताना आतल्या घट्ट मसाल्याला तडा गेला असणार. गुऱ्हाळावर चुलवाणात ओंडका टाकला की निवांत जळतो. तेवढ्याच वजनाची वाळकी चिपाडं टाकली की भडका. आगीला किती अंग मिळतं, त्यावर सगळं. तडा गेला की आग आत शिरते, वायू वाढतो, नोझलचं भोक मात्र तेवढंच. दाब चढतो, आणि दाब चढला की मसाला आणखी वेगानं जळतो. उभा फाटला याचं नवल नाही : आतून दाबलेल्या नळीवर घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो. त्यात पाइपचा जोडही उभाच.

पण तडा गेला नसता तरी लोखंडी पाइप ही घोडचूकच. फाटला की त्याचे छर्रे होतात. मॉडेल रॉकेटवाले लोखंडी नळी वापरत नाहीत ते उगाच नव्हे.

उद्यमनगरात माझा गाळा होता. एकदा घाईत टाकी पाण्याऐवजी हवेनं तपासली. झाकणाची प्लेट सुटली ती वरच्या पत्र्यातून आरपार. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी नुसती पिचकारी. हवा मात्र स्प्रिंगसारखी जोर साठवून बसते. तुमच्या पाइपातला वायूही तसाच. ते भोक मी बुजवलं नाही. पावसाळ्यात खाली बादली ठेवायचो.

आता कायद्याचं. स्फोटक बनवायला 1884 च्या कायद्याखाली परवाना लागतो; तो बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा घरचा मसाला बंद.

खुंटाला बांधून जोर मोजायची तुमची कल्पना मात्र एक नंबर. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डनंही 1926 साली रॉकेट उडवण्याआधी इंजिन असंच बांधून चालवलं होतं. तुम्ही पाण्याचं रॉकेट घ्या. कोल्ड्रिंकची बाटली, चरा नसलेली, एक तृतीयांश पाणी, तोंड खाली, सायकलचा पंप. 40 पीएसआयच्या पुढं जाऊ नका, गॉगल घाला, लांबून दोरी ओढा. बाटली ताणकाट्यानं जमिनीला बांधा आणि काट्याचं मोबाइलवर स्लो मोशन घ्या. काटा झपकन चढतो नि पाणी संपताच कोसळतो. एकेका फ्रेमचं रीडिंग वहीत उतरवा. पाणी निम्मं भरून परत करा, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून मला पाठवा.