सिटीच्या पार्कात पिस्तूल दिसलं : दंड भरायचा की लढायचं?

प्रश्न : मी फ्लोरिडात राहते. ग्रीन कार्ड आहे आणि लपवून शस्त्र बाळगण्याचा राज्याचा परवानाही आहे. मंडळाच्या सहलीत क्रिकेट खेळताना शर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल क्षणभर दिसलं. सिटीच्या कोड एन्फोर्समेंट (स्थानिक नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या) अधिकाऱ्याने ‘पार्कात शस्त्रबंदी’ या सिटीच्या नियमाखाली २५० डॉलरची नोटीस दिली. नवरा म्हणतो, भरून टाक. माझा भाऊ एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे आणि आमच्याच घरी राहतो. त्याला काही त्रास होईल का?

उत्तर : दंड भरू नका, पण नोटीस कपाटात टाकूनही देऊ नका. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. मुदतीत पैसेही भरले नाहीत आणि हरकतही घेतली नाही, तर तुम्ही हरकतीचा हक्क सोडला असं धरलं जातं. मग कौंटी कोर्ट कमाल रकमेपर्यंत, म्हणजे ५०० डॉलरपर्यंत, निकाल देऊ शकतं. भरलात, तर नियमच चुकीचा आहे हे सांगायची संधी जाते.

तुमची बाजू भक्कम आहे. फ्लोरिडाच्या कलम ७९०.३३ने शस्त्रं आणि दारूगोळ्याचा सगळा विषय राज्य विधिमंडळाकडे घेतला आहे : खरेदी, विक्री, मालकी, बाळगणं, साठवणं, वाहतूक. या विषयावरचे सिटी-कौंटीचे जुने-नवे नियम रद्दबातल ठरतात. २०११पासून जाणूनबुजून असा नियम करणाऱ्या लोकप्रतिनिधीला ५,००० डॉलरपर्यंत व्यक्तिगत दंड होऊ शकतो. २०१८च्या पार्कलँडमधल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर तीसहून अधिक शहरांनी या शिक्षेविरुद्ध दावा लावला, पण २०२३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्या शहरांची तळमळ मला समजते. तरीही रद्द नियमाचा दंड एका रहिवाशाकडून वसूल करणं अन्यायच आहे.

आता नोटीस समोर घ्या आणि कलमाचा आकडा वाचा. तिथे सिटीच्या नियमाचा क्रमांक असेल, तर वरचं सगळं लागू पडतं. राज्याचं कलम ७९०.०६ असेल, तर मात्र हा बचाव चालत नाही. त्या कलमात परवानाधारकालाही बंदी असलेल्या जागांची यादी आहे. पार्क त्या यादीत नाही, पण शाळा-कॉलेजचे क्रीडा सामने आहेत. त्या दिवशी शेजारच्या मैदानावर शाळेचा सामना चालू होता का, हे आठवून पाहा. शर्ट सरकल्याची काळजी नको : परवानाधारकाचं शस्त्र क्षणभर दिसणं गुन्हा नाही, रागाने किंवा धमकावण्यासाठी दाखवलं नसेल तर.

त्यानंतर सिटी क्लार्ककडून नियमाची प्रमाणित प्रत मागवा. पार्कातल्या पाटीचा फोटो काढा. नोटिशीतल्या पद्धतीने लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या. सिटी अटर्नीला (सिटीच्या वकिलाला) एक पानी पत्र पाठवून कलम ७९०.३३ दाखवा आणि नोटीस मागे घ्यायला सांगा. ऐकलं नाहीच, तर याच कलमाखाली दावा करता येतो. जिंकलात तर वकिलाची वाजवी फी आणि १,००,००० डॉलरपर्यंत प्रत्यक्ष नुकसानभरपाई मिळू शकते. दावा दाखल झाल्यावर सिटीने घाईघाईने नियम मागे घेतला, तरी २०२१च्या दुरुस्तीनुसार तुम्हीच जिंकलात असं धरतात.

हे संरक्षण फक्त सिटी आणि कौंटीपुरतं आहे. मॉल किंवा खासगी जागेच्या मालकाने ‘बाहेर व्हा’ म्हटल्यावरही शस्त्रासह थांबलात, तर तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, ठरू शकतो. केंद्राचा कायदाही वेगळा. २०२३पासून फ्लोरिडात परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येतं म्हणून परवान्याचं नूतनीकरण टाळू नका. शाळेपासून १,००० फुटांच्या आत सार्वजनिक जागी भरलेलं पिस्तूल जवळ असेल, तर केंद्रीय कायद्यातली सूट राज्याचा परवाना असलेल्यालाच मिळते.

खरी काळजी भावाची घ्या. एच-१बीवरच्या माणसाने बंदूक किंवा एक काडतूस जरी बाळगलं, तरी केंद्रीय गुन्हा होतो. कमाल शिक्षा १५ वर्षं. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. मालकी तुमची असली, तरी त्याच्या हाताशी आणि ताब्यात असणं पुरेसं ठरू शकतं. म्हणून पिस्तूल आणि काडतुसं तिजोरीत ठेवा आणि नंबर त्याला सांगू नका. तुमच्यावरही कधी शस्त्राचा फौजदारी खटला झाला, तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका. शस्त्राच्या गुन्ह्यातल्या दोषसिद्धीवरून ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं.