कारवॅन जोडण्याआधी काट्यावर जा

बाळा, चोर्ला घाटातून गोव्याला कारवॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, न्यायची म्हणतोस, तर आधी वजनाचा हिशोब कर. इंजिन ओढतंय म्हणजे झालं, असं नसतं. उतारावर ब्रेकला ते सगळं वजन थांबवावं लागतं.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाची मर्यादा बघ. कारवॅनला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती बरीच कमी असते. मग कारवॅनच्या पाटीवरचे दोन आकडे घे: रिकामं वजन आणि सामानासकट जास्तीत जास्त चालणारं एकूण वजन. समज, 750 आणि 1000. म्हणजे सामानाला 250 किलो. टाकीतलं 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, इन्व्हर्टरची बॅटरी जवळपास 50. खुर्च्या, भांडी, तंबू अजून धरलेच नाहीत!

आपल्याकडे उसामुळे वजनकाटे जागोजागी आहेत. सामान भरून, माणसं बसवून जा. कारवॅन सोडून नुसती गाडी तोल. मग कारवॅन जोड, पण काट्यावर फक्त गाडीच ठेव. जितकं वजन वाढलं, तितका कारवॅन अडकवायच्या हुकवरचा भार. हा भार गाडीच्याच वजन वाहायच्या क्षमतेतून जातो, हे नवीन माणूस हमखास विसरतो. तो फार कमी असला तर वेगात कारवॅनची शेपूट हलायला लागते. जास्त झाला तर गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग दाद देत नाही. म्हणून कारवॅनमधलं जड सामान खाली तळाशी, तिच्या चाकांच्या वरच ठेव. आणि टाकी रिकामी ने, पाणी पोचल्यावर भर.