परदेशी गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशामुळे नेपाळचा विकास होतो का?

घरं सुधारतात, हे नक्की. कारखाने मात्र त्यातून उभे राहत नाहीत.

परदेशातून येणारा पैसा नेपाळच्या जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) साधारण पाव हिश्श्याइतका आहे. 1995-96 मध्ये 42 टक्के असलेली गरिबी 2010-11 पर्यंत 25 टक्क्यांवर आली, तीही मधली दहा वर्षं यादवी युद्धात गेलेली असताना. त्यात या पैशाचा मोठा वाटा होता.

पण पहिल्या काही महिन्यांची कमाई बहुधा कर्जातच जाते. 2015 च्या नियमानुसार आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा-तिकिटाचा खर्च मालकाने करायचा आणि एजंटाने जास्तीत जास्त 10,000 नेपाळी रुपये घ्यायचे. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट रक्कम बिनपावतीची जाते, आणि ती सावकाराकडून चढ्या व्याजाने उचललेली असते. खरी गळती इथे आहे; पैसे पाठवण्याचं शुल्क त्यापुढे किरकोळ.

उरलेला पैसा किराणा, शाळेची फी, दवाखाना, घर आणि प्लॉट यांत जातो. माल बहुतेक भारतातून येतो, म्हणजे पैसा फिरून सीमेपलीकडेच जातो. सरकारला आयात शुल्क भरपूर मिळतं, त्यामुळे देशात उत्पादन वाढवण्याची घाई कोणालाच नसते. त्यात नेपाळी रुपया 1993 पासून एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये या ठरावीक दरानेच बांधलेला. हा दर हलत नसल्यामुळे देशात महागाई वाढली की निर्यात आणखी महाग पडते. डोंगराळ भागात नांगर धरायला माणूस नाही म्हणून शेतं पडीक राहतात, ते वेगळंच.