प्रश्न वाचकांचे : तीन रोपांचा विरळ फुलोरा आणि कढीलिंबाच्या कुंडीतली भांग

श्रावणाच्या अंकात शेवंतीला रात्री दिवे लावून फुलण्यापासून कसे थोपवतात, याविषयी मी लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली त्यांतील बरीचशी शेवंतीविषयी नव्हतीच. दिवस-रात्रीच्या त्याच गणितावर चालणाऱ्या दुसऱ्या एका झाडाविषयी होती. ते झाड म्हणजे गांजा. विषय नाजूक असला तरी प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत. कायद्याचा भाग एका वकील मित्राकडून तपासून घेतला आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्ट येथे राहतो. येथे कायद्याने मुभा असल्याने या उन्हाळ्यात बाल्कनीत गांजाची तीन रोपे लावली. झाडे कमरेच्या वर गेली आहेत, पाने हिरवीगार आहेत. परंतु सप्टेंबर सरत आला तरी फुलोरा विरळच आहे. छायाचित्रांत दिसतात तसे घट्ट, जड तुरे धरत नाहीत. बाल्कनी पूर्वेला असून समोरच रस्त्याचा दिवा आहे. दाट फुलोरा आणि भरघोस उत्पादन कशाने मिळेल?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच शेवटून दुसऱ्या वाक्यात देऊन ठेवले आहे. गांजा हे शेवंतीसारखेच मोठ्या रात्रीला फुलणारे झाड आहे. अखंड अंधार पुरेसा लांबला की ते पाने-फांद्या वाढवणे थांबवून फुलोऱ्याकडे वळते. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर स्टुटगार्टला जूनमध्ये तो सोळा तासांवर जातो आणि चौदा तासांच्या खाली यायला ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडतो. म्हणजे आपल्या झाडांना फुलायचा निरोपच उशिरा मिळतो आणि त्यानंतर तुरा भरायला आणखी सात-आठ आठवडे लागतात. त्यात समोरचा दिवा रात्रभर पानांवर पडत असेल तर झाडाच्या लेखी रात्र झालेलीच नसते. आपल्याकडे शेवंतीवाले हरितगृहात हेच पैसे खर्चून करतात. आपल्या बाल्कनीत ते नगरपालिका फुकट करीत आहे.

दुसरे कारण पूर्वेचा सज्जा. तुऱ्याची घनता ही प्रामुख्याने उन्हाची मिळकत असते. मादी फुलाला पाकळ्या नसतात. एका बीजांडाभोवती इवलेसे हिरवे आवरण आणि त्यातून बाहेर डोकावणारे दोन केस, एवढेच ते फूल. अशी शेकडो फुले एका शेंड्यावर दाटीने आली म्हणजे तुरा घट्ट दिसतो, आणि दाटी होण्यासाठी दोन पेरांमधले अंतर कमी राहावे लागते. फक्त सकाळचे ऊन मिळणारे झाड उजेडाच्या शोधात उंच होत जाते, पेरे लांबतात आणि फुले एकमेकांपासून दूर पडतात. आपले झाड कमरेच्या वर गेले याचे आपल्याला कौतुक वाटते आहे. मला त्यातच फुलोऱ्याच्या विरळपणाचे मूळ दिसते. पाने शेवटपर्यंत गर्द हिरवी राहिली आहेत, यावरून फुले धरल्यानंतरही नत्राचे खत चालू राहिले असावे, अशीही शंका येते. टोमॅटोला उशिरापर्यंत युरिया देणाऱ्याच्या वाट्याला जे येते, तेच येथेही येते.

तिसरी गोष्ट वाणाची. हिंदुकुशाच्या कोरड्या डोंगरांतील झाडे बुटकी, रुंद पानांची आणि घट्ट तुऱ्याची असतात. केरळ किंवा थायलंडसारख्या दमट मुलखातील वाण उंच, अरुंद पानांचे आणि मोकळ्या फुलोऱ्याचे असतात. हा मोकळेपणा दोष नव्हे. पावसाळी हवेत तुऱ्यातून वारा खेळावा, ओल साचू नये, यासाठी निसर्गानेच ती सोय केली आहे. ऑक्टोबरात स्टुटगार्टला धुके आणि पाऊस असणार. त्या हवेत घट्ट तुऱ्याच्या पोटात करडी बुरशी शिरते, द्राक्षाच्या घडाला ग्रासते तीच. बाहेरून सारे ठीक दिसते आणि बोटाने उकलले की आत राखेसारखी भुकटी निघते. तेव्हा आपल्या बाल्कनीत विरळ तुरा हेच कदाचित आपले भाग्य आहे.

नर झाडाचाही विचार करावा. गांजात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, परागण वाऱ्याने होते आणि पराग मिळाला की मादी आपली शक्ती बियांत घालते. हे शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांना ठाऊक होते. इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाच्या १८९४ च्या अहवालात बंगालमधील पारख करणाऱ्या जाणकारांची नोंद आहे. शेतकरी त्यांना बोलावून नर झाडे वेळीच उपटून घेत.

आता ‘भरघोस उत्पादना’विषयी. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या जर्मन कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या घरी, स्वतःच्याच वापरासाठी, एका वेळी तीन झाडे ठेवता येतात. परंतु वाळवलेला माल घरात ५० ग्रॅमपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि घराबाहेर बाळगायची मर्यादा २५ ग्रॅम आहे. तीन सुदृढ झाडे ही पन्नास ग्रॅमची रेघ सहज ओलांडतात आणि वरचा माल तत्काळ नष्ट करावा लागतो. ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून मराठी मंडळाच्या मित्रांना वाटला, तर फुकट दिला असला तरी तो गुन्हाच ठरतो. मुलांच्या व इतरांच्या हाती झाड लागू नये, ही जबाबदारीही कायद्याने आपल्यावरच टाकली आहे. म्हणून मी आपल्याला उत्पादन वाढवण्याचे उपाय सांगत बसत नाही. आपली अडचण कमी पिकाची नाहीच. आणि दिवाळीला गावी येताना एक बीसुद्धा सामानात आणू नये.

प्रश्न : माझी सून अल्मोड्याची आहे. तिच्या माहेरून भांगेच्या बियांची पुडी येते आणि त्याची चटणी आमच्याकडे आवडीने होते. पाटा धुतलेले पाणी मी कढीलिंबाच्या कुंडीत टाकते. पावसात तेथे चार रोपे उगवली आणि शेजारच्या मुलाने मोबाइलवर पाहून ती भांग असल्याचे सांगितले. मी ठेवू का? नुसत्या पानांवर तर बंदी नाही म्हणतात.

उत्तर : ठेवू नका, ताई. आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती केली आहे. शेंड्याशिवायची नुसती पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. भांगेला अनेक राज्यांत वाट मिळते ती याच फटीतून. परंतु लागवडीची बंदी शेंड्यांवर नसून कोणत्याही गांजाच्या झाडावर आहे. नर असो वा मादी, पानासाठी लावा वा शोभेसाठी, विनापरवाना लागवडीला कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. बाळगलेल्या गांजाच्या बाबतीत कायदा वजन पाहून शिक्षा ठरवतो, एक किलोपेक्षा कमी ते अल्प आणि वीस किलोपेक्षा जास्त ते व्यापारी. लागवडीच्या उपकलमात मात्र अशा पायऱ्याच नाहीत. शिवाय महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचेही नियंत्रण आहे, त्यामुळे परवान्याशिवाय पानेही चालत नाहीत.

आपोआप उगवलेले रोप म्हणजे लागवड नव्हे, हे तर्काला धरून आहे. पण ओळख पटल्यानंतरही रोज पाणी घातले तर हा तर्क आपल्या बाजूने किती उभा राहील, याचा विचार करा. रोपे वीतभर असतानाच उपटून, चुरगळून मातीत मिसळून टाका. वाळवून ठेवू नका आणि त्यांची छायाचित्रे कुटुंबाच्या गटावर फिरवू नका. चटणी मात्र सोडू नका. बियांत नशेचे द्रव्य जवळजवळ नसते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बियांना व त्यांच्या तेलाला खाद्य म्हणून मान्यता दिली आहे. सूनबाईंना एवढेच सांगा, की पुडी आली की सगळे बी एकदम खरपूस भाजून डब्यात भरावे. भाजलेले बी उगवत नाही आणि चटणीही जास्त खमंग होते.

प्रश्न : माझी तीन एकर जमीन खंडाने दिली आहे. परवा बांधावरून फिरताना उसाच्या मधल्या सऱ्यांत गांजाची झाडे दिसली. खंडकरी म्हणतो, ‘तुम्ही पाहिलेच नाही असे समजा.’ आमचे आजोबा तर सांगत की पूर्वी गांजा सरकारमान्य पीक होते. मी गुपचूप उपटून टाकू का?

उत्तर : आजोबा खोटे सांगत नव्हते. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, सरकारी परवान्याने गांजा पिकत असे आणि वर उल्लेखिलेल्या आयोगाने त्याची तपशीलवार दखल घेतली आहे. पण तो परवान्याचा काळ होता आणि आपण आज १९८५ च्या कायद्याखाली आहात.

त्या कायद्याचे कलम ४६ जमीनधारकाविषयी आहे. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे कळताच त्याने पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना लगेच खबर दिली पाहिजे, आणि जाणूनबुजून न देणारा शिक्षेस पात्र ठरतो. पुढच्याच कलमात हे कर्तव्य पंच, सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही टाकले आहे. म्हणजे ‘पाहिलेच नाही असे समजा’ हा सल्ला खंडकऱ्याच्या सोयीचा आहे, आपल्या नव्हे.

कुंडीतली रोपे उपटा असे मी वर सांगितले आणि आपल्याला मात्र उपटू नका असे सांगतो आहे, हे विसंगत वाटेल. तेथे कोणी काही पेरले नव्हते. आपल्या शेतात दुसऱ्याने केलेला गुन्हा उभा आहे आणि तो उपटणे म्हणजे पुरावा नाहीसा करणे. उद्या खंडकऱ्याने आपल्याकडेच बोट दाखवले तर हातात काहीच उरणार नाही. लेखी खबर द्या, तिची पोच घ्या, खंडाचा करार व सातबारा जवळ ठेवा, आणि हे सारे शक्यतो वकिलाला बरोबर घेऊन आजच्या आज करा. करार तोंडी असेल, तर खंडाची रक्कम बँकेत जमा झाल्याची नोंद तरी शोधा.

प्रश्न : पुण्यात फ्लॅटमध्ये तंबू आणि दिवे लावून ‘हायड्रोपोनिक’ पद्धतीने दोन झाडे वाढवली तर कोणाला काय कळणार? त्याची प्रत खरेच इतकी वेगळी असते का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर दोनदा येऊन गेले आहे, फ्लॅट हा कलम २० ला अपवाद नाही. दुसऱ्याविषयी एवढेच, की हायड्रोपोनिक म्हणजे मातीऐवजी पोषक पाण्यावर वाढवणे. आपल्याकडे लेट्यूस असाच पिकवतात आणि त्याने लेट्यूसला नशा येत नाही. विमानतळावरच्या जप्तीच्या बातम्यांनी या शब्दाला भलतेच वलय दिले आहे. माल तीव्र असतो तो वाणामुळे आणि नर झाडे दूर ठेवल्यामुळे. पाण्याचा त्यात फारसा वाटा नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. येथे दुकानात गांजा उघड मिळतो. मुलगा म्हणतो, मग घरामागच्या अंगणात एक झाड लावले तर काय बिघडले? आमचे ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे.

उत्तर : विकत घेण्याची मुभा म्हणजे लावण्याची मुभा नव्हे. न्यू जर्सीत २०२२ पासून प्रौढांना परवानाधारक दुकानातून खरेदी करता येते, पण घरी झाड लावणे तेथे गुन्हाच राहिले आहे. कॅलिफोर्नियात घरी सहा झाडे चालतात, हे आपल्या मुलाने बहुधा तेथील मित्राकडून ऐकले असावे.

आपल्या बाबतीत याहून मोठी अडचण दुसरीच आहे. संघराज्याच्या कायद्यात गांजा आजही नियंत्रित पदार्थ आहे आणि परदेशी नागरिकांचे अर्ज तपासले जातात ते संघराज्याच्या कायद्यानेच. राज्यात चालणारी गोष्टही, खटला न होता नुसती कबूल केली तरी, अर्जाच्या आड येऊ शकते. मुलगा तेथे जन्मला असेल तर त्याच्यासाठी ही एक कुंडी असेल. त्याच्या आईवडिलांसाठी ती कुंडी नाही. त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि मुलाखतीपूर्वी स्थलांतराच्या वकिलाशी बोला.

प्रश्न : लातूरहून लिहीत आहे. बंगल्याच्या कडेला अंबाडी लावली आहे. नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांनी ‘काकू, हा गांजा आहे’ म्हणून सोसायटीत सांगितले. काय उत्तर देऊ?

उत्तर : शेजाऱ्यांची चूक मोठमोठ्यांनी केली आहे. अंबाडीच्या शास्त्रीय नावातले ‘कॅनाबिनस’ हे पद ‘गांजासारखी’ याच अर्थाचे आहे, आणि ते पानांच्या साम्यावरूनच पडले. फरक मात्र जवळून पाहिल्यावर चटकन कळतो. अंबाडीचे पान कितीही खोल कापलेले असले तरी तळाशी एकसंध असते, हाताचा तळवा आणि बोटे असावीत तसे. गांजाच्या पानात प्रत्येक बोट सुटे असून सगळी देठाच्या टोकाला एका बिंदूत येऊन मिळतात. अंबाडीच्या दांड्यावर बारीक काटे हाताला लागतात, आणि गांजाचे पान चुरगळले की जो उग्र वास येतो तो अंबाडीला मुळीच नाही. एवढे करूनही पटले नाही तर फुले येईपर्यंत थांबा. भेंडीच्या फुलासारखे फिकट पिवळे, आत गर्द लाल डोळा असलेले फूल गांजाला कधीच येत नाही.

तोवर कोवळा पाला खुडून, कण्या आणि तुरीची डाळ घालून भाजी करा, वर लसणाची फोडणी द्या आणि ज्वारीच्या भाकरीसह एक वाटी शेजारी पाठवा.