मॉनिटर बदलावा की संगणक? फोटोंच्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

फोटो पाहण्यासाठी व सुधारण्यासाठी कोणती यंत्रसामग्री घ्यावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण आपल्या भागातील अनेक व्यावसायिक छायाचित्रकारांची असल्यामुळे त्याचे उत्तर अधिक विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात लग्न, साखरपुडा, बारसे अशा कार्यांचे फोटो काढतो. अल्बमची शीट मी स्वतः तयार करतो आणि बेळगावच्या लॅबमध्ये छापून घेतो. माझा संगणक असेंबल केलेला असून त्यात सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. मॉनिटर २२ इंची, जुना आणि व्हीजीए केबलने जोडलेला आहे. अल्बम छापून आला की काळपट दिसतो, आणि मोठी शीट उघडली की संगणक अडखळतो. दुकानदार १६५ हर्ट्झचा वक्र गेमिंग मॉनिटर आणि सोबत ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगतो. दोन्ही एकदम घेणे मला परवडणारे नाही. आधी काय बदलू?
एक छायाचित्रकार, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या दोन तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत, आणि दुकानदाराने सुचवलेल्या वस्तूंनी त्यांपैकी एकही तक्रार पुरती दूर होणार नाही.

अल्बम काळपट येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मॉनिटर गरजेपेक्षा फार उजळ ठेवलेला असणे. मॉनिटर स्वतः प्रकाश देतो, तर छापील कागद खोलीतला प्रकाश परतवतो. त्यामुळे उजळ पडद्यावर मांडवाच्या सावलीतला नवरीचा चेहराही स्वच्छ दिसतो, आपण तो आणखी उजळवत नाही, आणि कागदावर तोच चेहरा अंधारात बुडतो. आजकालचे बहुतेक मॉनिटर प्रति चौरस मीटर २५० ते ३०० कँडेला (कँडेला हे उजेडाचे माप) इतका उजेड देऊ शकतात आणि कारखान्यातून चढ्या ब्राइटनेसवरच येतात. छपाईसाठी काम करताना साधारण ८० ते १२० कँडेला पुरेसे होतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक परीक्षा करावी. लॅबने कोणतीही दुरुस्ती न करता छापलेली एक शीट खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी धरावी, तीच फाइल पडद्यावर उघडावी, आणि दोन्ही सारखी दिसेपर्यंत मॉनिटरच्या बटणांनी ब्राइटनेस कमी करत जावे. पहिले काही दिवस पडदा मंद वाटेल, पण डोळे लवकर सरावतात. इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय या तिन्ही गोष्टी बंद ठेवाव्यात, कारण त्या चालू असतील तर सकाळी ठरवलेला रंग संध्याकाळी तोच राहत नाही.

खोलीकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे भिंतींना पोपटी किंवा आकाशी रंग देण्याची हौस मोठी आहे. तशा भिंतीवरून परतलेला उजेड पडद्यावर आणि हातातल्या प्रिंटवर पडला की नजर फसते आणि त्वचेचा रंग नको तिकडे ओढला जातो. संगणकामागची निदान एक भिंत फिकट राखाडी किंवा पांढरी असलेली बरी.

अल्बम काळपट होण्याऐवजी निर्जीव, फिका येत असेल, झेंडूच्या माळा विटलेल्या दिसत असतील, तर कॅमेऱ्यातील कलर स्पेस, म्हणजे फोटोत किती व कोणते रंग नोंदले जातात याची ठरलेली व्याप्ती, तपासावी. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर असेल आणि लॅबचे यंत्र प्रत्येक फाइल एसआरजीबी समजून छापत असेल, तर रंग असेच मरतात. १९९६ मध्ये पुढे आलेली एसआरजीबी ही कलर स्पेस रंगांच्या व्याप्तीत अ‍ॅडोबी आरजीबीपेक्षा लहान आहे, परंतु लॅब वेगळे काही मागत नसेल तोवर फाइल एसआरजीबीतच द्यावी. लॅबकडे स्वतःची प्रोफाइल, म्हणजे तिचे यंत्र रंग कसे छापते याची नोंद असलेली फाइल, असेल तर ती अवश्य मागून घ्यावी.

आता अडखळण्याविषयी. आपल्या अल्बमची शीट १२ बाय ३६ इंच आणि ३०० डीपीआय असेल, तर ती ३६०० बाय १०८०० पिक्सेलची, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेलची होते. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर शीटभर पसरलेला एकच लेयर ११० एमबीहून अधिक जागा घेतो. असे दहा लेयर, पूर्वीच्या टप्प्यांची हिस्ट्री, विंडोज आणि उघडा ब्राउझर एवढे सारे ८ जीबीत मावत नाही. मग फोटोशॉप न मावलेली माहिती हार्ड डिस्कवर लिहू लागते, आणि हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास असल्यामुळे आपण माउस हातात धरून वाट पाहत बसतो. साधी साटा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, आणि विखुरलेल्या लहान फायली उघडताना तर हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. मोठी शीट उघडी असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती टक्के भरली आहे ते पाहावे. ती नव्वदीच्या पुढे जात असेल तर रोग सापडला असे समजावे. १६ जीबी रॅम आणि विंडोज व फोटोशॉपसाठी एक एसएसडी एवढ्याने ही तक्रार बऱ्याच अंशी दूर होईल. जुनी हार्ड डिस्क फेकू नये, ती संपलेल्या कामांच्या साठ्यासाठी ठेवावी.

ग्राफिक्स कार्ड तूर्त घेऊ नये. शीट जुळवणे, फोटो कापणे, रंग दुरुस्त करणे ही कामे मुख्यतः प्रोसेसर आणि रॅम यांच्या जोरावर होतात. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधील कृत्रिम बुद्धिमत्तेने दाणे घालवणाऱ्या डिनॉइजसारख्या सोयीला मात्र चांगले कार्ड लागते. रात्रीच्या वरातीचे शेकडो फोटो त्या सोयीतून काढण्याची वेळ आपल्यावर नेहमी येत असेल, तरच त्याचा विचार करावा.

मॉनिटर बदलावाच, पण सुचवलेला नको. १६५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलण्याची क्षमता. स्थिर फोटोला तिचा उपयोग नाही, आणि त्या आकड्यासाठी मोजलेले पैसे रंगांतून कापले जाण्याचा संभव अधिक. वक्र पडद्यावर अल्बमच्या सरळ चौकटी किंचित वाकलेल्या भासतात, म्हणून तोही टाळावा. पॅनेल, म्हणजे पडद्याचा मूळ प्रकार, आयपीएस असावे; बाजूने पाहिले तरी त्यातले रंग फारसे बदलत नाहीत. टीएन पॅनेलमध्ये मान जरा हलवली की रंग बदलतात, आणि व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग खोल दिसत असला तरी बाजूने पाहताना सावल्यांचा उजेड बदलतो. डब्यावर एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के आणि रंगांची खोली ८ बिट असल्याचे लिहिलेले असावे. ६ बिट पॅनेल मुळात २ लाख ६२ हजार १४४ रंगच दाखवते आणि उरलेले ठिपक्यांची उघडझाप करून भासवते, तर ८ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग प्रत्यक्ष असतात. आकार २७ इंच आणि रिझोल्यूशन २५६० बाय १४४० ही जोडी आपल्या कामाला मला सर्वांत योग्य वाटते. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल, तर १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पूर्ण आकारात, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर ठेवून पाहिल्यास, फोटोचा जेमतेम बारावा भाग दिसतो. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सहाव्या भागाहून थोडा कमी दिसतो. त्यामुळे डोळ्यांतला फोकस तपासताना सरकवासरकव पुष्कळ कमी होते. फोर-के मॉनिटर त्याहून सरस खरा, पण आपल्या प्रोसेसरच्या पिढीच्या मदरबोर्डांवर बहुधा जुन्या १.४ आवृत्तीचे एचडीएमआय असते आणि त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते, म्हणजे माउसचा बाण धक्के खात चालतो. व्हीजीए केबल मात्र कायमची काढून टाकावी. ती चित्र अ‍ॅनालॉग रूपात नेते आणि बारीक कडा धूसर करते.

खर्चाचा क्रम ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आणि त्यापुढील इंटेल प्रोसेसरवरच चालते, म्हणजे आपला संगणक आज ना उद्या बदलावाच लागणार. अशा वेळी जी वस्तू नव्या संगणकालाही लागू होईल तीवर जास्त पैसे घालावेत. मॉनिटर आणि एसएसडी पुढे नेता येतात. जुन्या जातीची रॅम नव्या बोर्डावर बसेलच असे नाही, म्हणून ती मिळाल्यास वापरलेली घ्यायलाही हरकत नाही. माझ्या मते ब्राइटनेसची फुकटची दुरुस्ती आज करावी, मग एसएसडी आणि रॅम, आणि लग्नसराईची कमाई हाती आली की मॉनिटर.

मॉनिटर आल्यावर कॅलिब्रेटरचा प्रश्न येईल. पडद्यावर टेकवून रंग मोजणारे हे लहान उपकरण डेटाकलर, कॅलिब्राइट अशा कंपन्यांचे मिळते. एकट्याला ते महाग वाटेल, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लागणारी ही वस्तू आहे. खानापूर, नंदगड, लोंढा या पट्ट्यातील चार-पाच छायाचित्रकारांनी मिळून घेतली तर कोणालाच जड जाणार नाही. विकत घेण्यापूर्वी सॉफ्टवेअर किती संगणकांवर चालते ते विचारून घ्यावे. मित्राच्या मॉनिटरची तयार प्रोफाइल उतरवून घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन पडदेही रंगात थोडे वेगळे असतात.

प्रश्न : वडगावात आमचे साड्यांचे छोटे दुकान आहे. मी फोनवर फोटो काढून लॅपटॉपवर सुधारते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गिऱ्हाइकांना पाठवते. साडी हातात पडल्यावर "ताई, फोटोत रंग वेगळा होता" असे वारंवार ऐकावे लागते. चांगला मॉनिटर घेतल्यास हे थांबेल का?
एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : थांबणार नाही, आणि एवढ्यासाठी तो घेऊही नये. आपली गिऱ्हाइके फोटो फोनवरच पाहतात, आणि प्रत्येकीचा फोन रंग आपापल्या परीने दाखवतो. आपल्या हातात जे आहे ते फोटो काढतानाच्या प्रकाशात आहे. दारातून येणारा दिवसाचा उजेड आणि डोक्यावरची ट्यूबलाइट एकाच साडीवर पडली, तर पदराला एक छटा येते आणि निऱ्यांना दुसरी. असा फोटो कितीही चांगल्या पडद्यावर सुधारता येत नाही. दिवे बंद करून खिडकीजवळच्या सावलीत फोटो काढावेत. संध्याकाळी काढायचेच असतील तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) ९० किंवा त्याहून अधिक असलेले एकसारखे एलईडी दिवे वापरावेत, कारण हलक्या एलईडीखाली इरकलीच्या पदराचा लाल रंग हमखास मातकट होतो. पहिल्या फोटोत साडीशेजारी एक ग्रे कार्ड (निव्वळ राखाडी रंगाचे पुठ्ठ्याचे कार्ड) ठेवून व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतील रंगांचा समतोल, त्यावरून ठरवावा. लाल आणि राणी रंगांच्या साड्या थोड्या कमी एक्स्पोजरने काढाव्यात, नाहीतर फोटोतली लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला टेकते आणि विणीचे काम एका सपाट डागात हरवते. आपल्या फोनचा पडदा व्हिव्हिड मोडवर असेल तर नॅचरलवर आणावा. एवढे करून, शेजारी खरी साडी ठेवून फोटो तपासला की मगच तो पाठवावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. घरातील जुने फोटो स्कॅन करून ठेवत आहे. ते मोठे पाहता यावेत म्हणून मॉनिटरऐवजी ४३ इंची फोर-के टीव्हीच संगणकाला जोडावा, असे मुलगा म्हणतो. योग्य होईल का?
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पाहण्यासाठी चिरंजीवांची सूचना चांगली आहे. ४३ इंची फोर-के टीव्हीवर एका इंचात सुमारे १०२ पिक्सेल बसतात, म्हणजे रेखीवपणा २२ इंची फुल एचडी मॉनिटरइतकाच राहतो आणि चित्र जवळजवळ दुप्पट रुंद दिसते. पोस्टकार्ड आकाराचा, ४ बाय ६ इंचांचा फोटो आपण ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर तो सुमारे ८६ लाख पिक्सेलचा होतो आणि फोर-के पडद्याचे ८३ लाख पिक्सेल तो पुरेपूर वापरतो. त्याहून लहान, पासपोर्ट आकाराचे फोटो असतील तर १२०० डीपीआय ठेवावे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मूव्ही किंवा सिनेमा मोड निवडावा, शार्पनेस अगदी खाली आणावी आणि ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडे मोठे करून कडा पडद्याबाहेर घालवणारी सोय, बंद करावे. ते चालू राहिले तर गटफोटोच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे खांदे कापले जातात. डाग पुसणे, चिरा भरणे अशी बारीक कामे मात्र हातभर अंतरावरून एवढ्या मोठ्या पडद्याकडे पाहत करू नयेत, मान दुखते. त्यासाठी जुना मॉनिटर शेजारी राहू द्यावा.

प्रश्न : मी चिक्कोडीत शिकतो. गोकाकचा धबधबा, चिंचलीची यात्रा असे फोटो काढण्याचा छंद आहे. बजेटमधल्या एका लॅपटॉपच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" असे लिहिले आहे. तो घेऊ का?
एक विद्यार्थी, चिक्कोडी

उत्तर : फोटो सुधारण्यासाठी घेऊ नका. एनटीएससी हे १९५३ मधील अमेरिकी रंगीत टीव्हीचे मापन आहे आणि त्याचा सुमारे ७२ टक्के विस्तार म्हणजे एसआरजीबीचा विस्तार होतो. ४५ टक्क्यांच्या पडद्यावर म्हणूनच एसआरजीबीचेही सुमारे ६० ते ६५ टक्केच रंग उमटतात. चिंचलीच्या यात्रेत उधळलेला भंडारा त्यावर फिकट दिसेल, तुम्ही सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवाल, आणि तोच फोटो मित्रांच्या फोनवर डोळ्यांत खुपेल इतका भडक होईल. त्याच किमतीत "१०० टक्के एसआरजीबी" लिहिलेला, प्रोसेसर एक पायरी खालचा असलेला लॅपटॉप मिळाला तर तो घ्यावा. तसा मिळत नसेल आणि हाच घेणे भाग असेल, तर त्यात एचडीएमआयची जागा आहे याची खात्री करून घ्या, म्हणजे पुढे २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडता येईल. तोपर्यंत रंगांचा निवाडा नजरेवर न सोपवता हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ छटा किती आहेत हे दाखवणारा आलेख) पाहून करा.