पालकांची मनं वळवण्याआधी वर्गाची घडी बसवून घे

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र वाचलं. वर्गात श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा, चाकाच्या खुर्चीतून येणारी एक मुलगी आणि एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा येणार आहे, आणि त्याआधीच पालकसभेचा तुला घोर लागलाय. तू भाषणाचा मसुदा मागितलास, पण तो मी पाठवत नाही. पालकांचा विरोध भाषणानं मावळत नाही. त्याच्या पोटात बहुतेक वेळा एक साधा व्यवहारी प्रश्न असतो: ‘शिक्षकांचा सगळा वेळ त्या मुलांकडे गेला, तर माझ्या मुलाचं काय?’

असं विचारणाऱ्याला निर्दय समजू नकोस आणि ‘सगळी मुलं सारखीच’ म्हणून त्याला गप्पही करू नकोस. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तर इतर मुलांच्या प्रगतीवर होणारा परिणाम बहुतेक वेळा नगण्य किंवा किंचित चांगलाच दिसतो. एवढं सांग आणि लगेच वेळापत्रक समोर ठेव. विशेष शिक्षक कोणत्या वारी, कोणत्या तासिकेला येणार? वर्गात दुसरं मोठं माणूस कोण? त्या तासिकेत इतर मुलं काय करतील? याची उत्तरं तुझ्याकडेच नसतील, तर सभेआधी मुख्याध्यापकांकडे जाऊन ती मिळव. कारण मदतीची सोय न करता मूल नुसतं आणून बसवलं, तर पालकांची भीती खरीच ठरते. २००६ च्या अपंगत्व हक्क कराराच्या कलम २४ मध्ये समावेशक शिक्षणाचा हक्क आहे. त्याचा अर्थ उलगडताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१६ साली नेमकं हेच बजावलं: शिकवण्याची पद्धत, मांडणी, परीक्षा तशाच ठेवून मुलाला वर्गात घेणं म्हणजे समावेश नव्हे.

सभेत कुठल्याही मुलाचं निदान बोलायचं नाही. त्याचे आईवडीलही तिथेच बसलेले असतात, आणि आपल्या लेकराची चर्चा परक्या तोंडून ऐकणं फार जड जातं. त्यांना आधी वेगळं भेट. मूल स्वतःहून काय काय करतं, थकलं किंवा बिथरलं की काय करतं, आणि वर्गाला काय सांगितलेलं चालेल, हे तिन्ही विचारून लिहून ठेव.

आता मुलांकडे येऊ. वर्गातली मतं बारीकसारीक गोष्टींवरून बनतात, आणि फार लवकर बनतात. श्रवणयंत्राचंच बघ. तास सुरू असताना ते मध्येच शिट्टी वाजवतं, वर्ग हसतो, मुलगा यंत्र काढून दप्तरात टाकतो. दोन आठवड्यांत ‘त्याला काही कळत नाही’ असं सगळ्यांचं मत होतं. मूळ कारण एवढंच असतं की मुलाचा कान वाढलेला असतो आणि यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झालेला असतो. फटीतून बाहेर पडलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. साचा नवा केला की ती थांबते. त्याची हरकत नसेल तर हे वर्गाला विज्ञानाच्या तासाला समजावून दे. बॅटरीची जादा जोडी तुझ्या टेबलात असू दे. यंत्र पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याची खरखरही मोठी करतं, म्हणून बाकांच्या पायांना रबरी टोप्या लाव. त्याला तुझ्यापासून एक-दीड मीटरवर, पंख्यापासून लांब बसव. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, आणि खिडकीला पाठ करूनही उभं राहू नकोस, कारण चेहरा अंधारात गेला की ओठ दिसत नाहीत.

नुसतं शेजारी बसवून मैत्री होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की सहवासानं पूर्वग्रह कमी व्हायचा तर दोन्हीकडे बरोबरीचा दर्जा, एकच उद्दिष्ट, ते गाठायला एकमेकांची गरज आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. चौघांचा गट कर आणि प्रत्येकाच्या हाती असा तुकडा दे, जो नसेल तर काम अडेल. खुर्चीतल्या मुलीला ‘तू फक्त बघ’ म्हटलंस, की बरोबरी तिथेच संपली.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मदतीला नेमलेला मोठा माणूस, म्हणजे मदतनीस, त्या मुलाला चिकटून बसतो. मग बाकीची मुलं त्या मुलाशी बोलायचं सोडून मदतनिसालाच विचारतात, ‘त्याला पाणी हवंय का?’ मदतनिसाला गटामागे उभं कर, चौघांनाही मदत करू दे, आणि गाडी चालू लागली की दोन पावलं मागे घे. दुसरी चूक म्हणजे वर्गातल्या सर्वांत समजूतदार मुलीवर वर्षभराची जबाबदारी टाकणं. ती कंटाळते, तिची आई तक्रार करते, आणि ती तक्रार रास्तच असते. पाळी दर आठवड्याला बदल. पाळीच्या यादीत या तीन मुलांचीही नावं घाल, कारण मदत करण्याचा मान त्यांनाही मिळायला हवा.

डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ देणारे उपक्रम कोणी सुचवले तर नकार दे. पाच मिनिटांत मुलांना फक्त घाबरणं आणि धडपडणं अनुभवायला मिळतं. काठी आणि ब्रेलच्या सरावानं येणारं कौशल्य त्यांना दिसतच नाही. मनात उरते ती कीव.

स्वमग्न मुलाबद्दल अफवा लवकर पसरतात. घंटेच्या आवाजानं तो कान झाकून बाकाखाली शिरला, की संध्याकाळपर्यंत ‘तो अंगावर धावतो’ अशी बातमी होते. घंटेआधी दोन मिनिटं त्याला खूण कर, दिवसाचा क्रम चित्रांत लावून ठेव, आणि क्रम बदलणार असेल तर सकाळीच सांग. तरी काही घडलंच, तर त्याच्या लगेच आधी काय झालं होतं ते त्याच दिवशी टिपून ठेव. कारण बहुधा तिथेच सापडतं.

खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ लागतं. म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर लांब उतार. जागा वाचवायला तो आखूड केला की कोणीतरी ढकलल्याशिवाय चढताच येत नाही, आणि मग ‘तिला सारखी मदत लागते’ असं लोक म्हणतात. न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही, हे मोठ्यांनाही सांग.

सगळ्यात अवघड आहे ते तुझ्या स्वतःच्या अपेक्षांचं. वर्ग अपूर्णांक शिकत असताना मागच्या बाकावर एखादं मूल चित्र रंगवत बसलं असेल, तर बाकीच्यांना त्याची किंमत तूच शिकवली असं होईल. इतर मुलं ३/८ आणि ५/१२ ची तुलना करत असतील, तर त्यानं कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घडी घालून १/२ आणि १/४ दाखवावेत. धडा तोच, पायरी वेगळी. आणि दाखवलं की तपास. चुकलं असेल तर चुकलं म्हण.

सभा झाल्यावर कळव. त्याआधी श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाच्या आईला एवढं विचारून घे की कानातला साचा शेवटचा कधी बदलला होता.

तुझ्या पत्राची वाट पाहत,
तुझे हितचिंतक