बिडाच्या तव्यांआधी क्रेडिट कार्ड

प्रश्न: मी 36 वर्षांचा, सांगलीत खासगी नोकरी करतो. हातात 58,000 येतात, गृहकर्जाचा हप्ता 19,500. पत्नीला स्वयंपाकाची आणि लिहिण्याची आवड आहे, म्हणून बिडाचे तवे, कढया, आप्पेपात्रं यांची ॲफिलिएट वेबसाइट काढायचं ठरतंय. माल आपण ठेवायचा नाही. आपल्या लिंकवरून कुणी ॲमेझॉनवर खरेदी केली की कमिशन मिळतं. एक संस्था तयार साइट, 200 तयार लेख आणि कोर्स असं सगळं दीड लाख अधिक जीएसटीला देते. सहाव्या महिन्यापासून 50,000 सुटतील म्हणतात. शिवाय कोर्सला दुसऱ्याला आणलं तर माणशी 40,000. मी 5,000 टोकन दिलंय. बाकीचे क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने भरू, की पर्सनल लोन काढू? कार्डावर आधीचे 1,65,000 आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) एकदाही चुकवलेला नाही, त्यामुळे सिबिल उत्तम आहे. किराणा-पेट्रोलही पॉइंट्ससाठी कार्डावरच घेतो, महिन्याला सहाएक हजार. बँकेने नुकतीच लिमिट चार लाख केली. मुलीच्या शिक्षणाची साडेतीन लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही.

उत्तर: ईएमआय नको, पर्सनल लोन नको आणि हा कोर्सही नको. त्याची कारणं पुढे देतो. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या 1,65,000 मध्ये आहे.

मिनिमम ड्यू भरला की लेट फी लागत नाही आणि हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. एवढंच. व्याज एक दिवसही थांबत नाही. बहुतेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी. तुमच्या रकमेवर व्याज 5,800, जीएसटी हजारभर, म्हणजे महिन्याला 6,800 नुसते जळतात. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही भरता 8,250. मुद्दल उतरलं साधारण 1,450 ने आणि त्याच महिन्यात सहा हजारांचा किराणा-पेट्रोल वर चढलं. तुमची बाकी दर महिन्याला साडेचार हजारांनी वाढते आहे. गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट्स शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आणखी एक गोष्ट कार्ड विकणारा माणूस कधी सांगत नाही. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. काल घेतलेल्या तांदळावर कालपासूनच व्याज सुरू. त्या सहा हजारांवर पॉइंट्स मिळून साठएक रुपये हाती येत असतील, व्याज दोनशेच्या वर जातं. फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा रिझर्व्ह बँकेने स्टेटमेंटवर छापायला लावला आहे. तो तुमच्याही स्टेटमेंटवर असेल, बहुधा बारीक अक्षरात.

आता एफडी. सात टक्क्यांनी साडेतीन लाखांवर वर्षाला 24,500, त्यातून कर जायचा. कार्ड वर्षाला खातंय 80,000 च्या वर. मुलीच्या नावाने जपलेला पैसा असा दुसऱ्या दाराने बँकेकडेच चालला आहे. तेव्हा एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड अर्धा-एक टक्का असतो, वर्षभर जुन्या एफडीवर तो कार्डाच्या आठ-पंधरा दिवसांच्या व्याजात भरून निघतो. 1,65,000 एकरकमी भरा, उरलेल्या 1,85,000 ची नवी एफडी करा. आणि आज मिनिमम ड्यूला जाणारे 8,250 दरमहा आरडीत टाका. वीसएक महिन्यांत मुलीचे पैसे पूर्ववत होतात. बाप म्हणून एफडी मोडताना हात अडतो, हे मी रोज पाहतो. फारच जिवावर येत असेल तर एफडीवर कर्ज काढा, ते साधारण आठ-नऊ टक्क्यांत मिळतं. पण मग कार्ड कपाटात कुलूपबंद राहिलं पाहिजे. आणि वाढवलेली लिमिट बँकेला कळवून कमी करून घ्या.

ईएमआय घेतला असता तर काय झालं असतं? दीड लाखावर 18 टक्के जीएसटी धरून, टोकन वजा जाता उरलेल्या 1,72,000 चा हप्ता 14,300. तो दर महिन्याच्या मिनिमम ड्यूमध्ये पूर्ण मिळवला जातो. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी, त्यामुळे नो-कॉस्ट हे नावापुरतंच. 8,250 अधिक 14,300 अधिक गृहकर्ज म्हणजे 42,000. घर चालवायला राहिले सोळा हजार.

आता धंद्याकडे. बिडाचा तवा सरासरी 1,500 चा आणि कमिशन पाच टक्के धरू. एका विक्रीला 75 रुपये. 50,000 साठी महिन्याला साडेसहाशेच्या वर विक्री हवी. लिंक दाबून गेलेल्या शंभरातले पाच जण घेतात आणि साइटवर आलेल्या चौघांतला एक लिंक दाबतो, असं सढळ हाताने मानलं तरी महिन्याला पन्नास हजारांवर वाचक लागतात, तेही तवा घ्यायला निघालेले. नव्या साइटला सहाव्या महिन्यात हे जमेल असं सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे.

तयार 200 लेखांचं तर नावच नको. मार्च 2024 पासून गूगलने घाऊक पाडलेल्या पानांविरुद्ध नियम कडक केले. त्याच वर्षी ऑगस्टपासून भारतात गूगलने शोधाचं उत्तर एआयकडूनच निकालांच्या वर लिहून द्यायला सुरुवात केली, त्यामुळे साइटपर्यंत पोचणारे वाचक आणखी घटतात. कमिशनचे दरही ॲमेझॉनच्या हातात असतात. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत फर्निचरचा दर आठ टक्क्यांवरून तीनवर आला.

माणशी 40,000 चा हिशोबही करा. तेवढ्यासाठी सव्वापाचशेहून जास्त तवे विकावे लागतात. कोर्स विकणाऱ्याचा धंदा कोर्स विकण्याचाच आहे आणि तुम्हालाही तो तेच काम देतो आहे. तुमच्या मेहुण्याला, ऑफिसातल्या मित्राला हा कोर्स गळ्यात मारू नका.

वहिनींची आवड मात्र मोलाची आहे. ॲमेझॉनचा कार्यक्रम फुकट आहे, वर्डप्रेस फुकट आहे; डोमेन आणि होस्टिंग मिळून वर्षाला पाच-सहा हजार. त्यांनी स्वतःच्या तव्यावरच लिहावं: नवा तवा तेल लावून, तापवून कसा तयार करायचा, गंज चढला तर काय करायचं, घावन का चिकटतं, इंडक्शनवर कुठला तवा बसतो. फोटो स्वतःच्या ओट्यावरचे. लिंकमधून कमिशन मिळतं हे पानावर स्पष्ट लिहायचं. पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर ॲमेझॉन खातं बंद करतं, तीच पहिली कसोटी समजा. वर्षभराने महिन्याला दोन-तीन हजार सुटू लागले तर ते चांगलं चाललंय असं मी म्हणेन. आलेलं कमिशन आयकर विवरणपत्रात धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवा.

तुलनेसाठी: कार्ड फेडल्यावर वाचणारे महिन्याचे 6,800 म्हणजे नव्वद तव्यांचं कमिशन. त्याला वाचक लागत नाहीत, त्यावर करही नाही आणि ते पुढच्या महिन्यापासून सुरू होतं.

टोकनचे 5,000 ईमेलने लेखी परत मागा, सोबत सहाव्या महिन्याच्या 50,000 ची हमी लेखी देणार का हेही विचारा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. पैसे आले नाहीत तरी, दिलेले वाया जातील म्हणून उरलेले 1,72,000 भरू नका.